चोवीस तासांच्या आत कळवावे

लंडनमधल्या हॅरोतल्या घराचा ताबा घेऊन आम्हाला सव्वीस तास झाले होते. खोकी उघडायची होती, किटली सापडत नव्हती आणि ती कोणत्या खोक्यात आहे यावरून मीनलचं आणि माझं बोलणं बंद झालं होतं. तेवढ्यात बेल वाजली. दारात साठीच्या पुढचे, बुटके, टापटीप गृहस्थ उभे. अंगात लोकरी थर्मल, त्यावर तपकिरी नक्षीचा अर्ध्या बाह्यांचा बाटिक शर्ट, काखेत निळ्या पुठ्ठ्याची वही. आमचं भांडण त्यांनी बाहेरून ऐकलेलं असावं, कारण त्यांनी थेट मराठीतच सुरुवात केली.

"चोवीस तास उलटून गेले. तुम्ही कळवलं नाहीत."

"कोणाला?"

"मला."

मला वाटलं, हे कौन्सिलचे, म्हणजे इथल्या पालिकेचे. मीनलला वाटलं, घरमालकाचे. आम्ही मुकाट्याने नाव, गाव, घरात माणसं किती, अडीअडचणीला फोन कोणाला करायचा, सगळं सांगितलं. रक्तगट विचारला तेव्हा मला पहिली शंका आली. पण तोवर मीनलने तो सांगून टाकला होता. माझाही, आणि चुकीचा.

हे कुंभोजकर. मूळचे इचलकरंजीचे, सूतगिरणीतले स्पिनिंग मास्तर. तरुणपणी जकार्त्याजवळच्या एका गिरणीत गेले आणि जकार्त्याच्या एका गल्लीत वीस-बावीस वर्षं राहिले. पुढे कंपनीने सूत विकायला लंडनला पाठवलं. ते हॅरोत आले, निवृत्त झाले, इथेच राहिले. म्हणजे शरीराने राहिले. बाकीचे कुंभोजकर अजून जकार्त्यातच होते.

जकार्त्यात म्हणे प्रत्येक गल्लीला एक 'पाक एर्ते' असतो. पाक म्हणजे काका, आणि एर्ते म्हणजे गल्लीचा कारभारी. सरकारी माणूस नव्हे, गल्लीनेच आपल्यातून निवडलेला. कोणी नवं राहायला आलं, कोणाकडे पाहुणा मुक्कामाला आला, तर चोवीस तासांत त्याला कळवायचं. तशी पाटीच गल्लीच्या तोंडाशी असते. कुंभोजकर आमच्या रस्त्याचे पाक एर्ते होते. त्यांना कोणी निवडून दिलेलं नव्हतं, पण निवडून आलेल्यांची एकंदर कामगिरी पाहता मला ही काही मोठी उणीव वाटली नाही.

एकदा मी त्यांना विचारलंही होतं, की काका, तुमची ही निवडणूक कधी झाली.

"बलुम," ते शांतपणे म्हणाले.

बलुम म्हणजे 'अजून नाही'. तिकडे तोंडावर 'नाही' म्हणणं बरं दिसत नाही. सत्तरीच्या ब्रह्मचाऱ्याला लग्न झालं का विचारलं तरी तो 'अजून नाही' म्हणतो. कुंभोजकरांनी हा शब्द सामानाबरोबर इकडे आणला होता. ड्रायव्हिंग लायसन्स काढलंत का? बलुम. गुडघा डॉक्टरला दाखवलात का? बलुम. या बाटिकवर एखादा स्वेटर घालाल का, बाहेर दोन डिग्री आहे? बलुम.

इंग्लंडमधल्या कुठल्याच गोष्टीचा त्यांच्यावर परिणाम होत नसे. मेट्रोपॉलिटन लाईन खोळंबली की फलाटावरचे सगळे सुस्कारे टाकत, आणि कुंभोजकर प्रसन्न होत. जकार्त्यात गाड्या अशा तुंबतात की गाडीतला माणूस उतरून दाढी करून येतो आणि गाडी तिथेच असते, हे ते शेजारच्या अनोळखी माणसालाही सांगत. आमच्या रस्त्याबद्दल त्यांची एकच मोठी तक्रार होती. रस्ता मुका आहे. तिकडे संध्याकाळी प्रत्येक फेरीवाल्याचा आवाज वेगळा. फोडणीचा भात विकणारा लाकडी ठोकळा वाजवतो, टॉक टॉक. शेवयांचं सूप विकणारा वाडग्यावर चमचा मारतो, टिंग टिंग. आणि तांदळाच्या पिठात गूळ घालून बांबूच्या नळीत उकडतात, त्या पुटूवाल्याच्या गाडीला वाफेची शिट्टी असते, ती लांबून एकसारखी रडते. हे सगळे आवाज कुंभोजकर हुबेहूब काढत. पुटूची शिट्टी त्यांनी एकदा डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर काढून दाखवली. पुढच्या स्टॉपवर ड्रायव्हर वर येऊन पाहून गेला.

"इथे येतो कोण?" ते म्हणत. "पार्सलवाला. तोही बेल वाजवून पळून जातो, लहान मुलासारखा."

समोरच्या मिसेस प्रेस्टनचा किस्सा तर रस्त्यात सगळ्यांना माहीत होता. ऐंशीच्या घरातल्या विधवा बाई, ताठ, गुलाबांवर जीव. जकार्त्याच्या उकाड्यात लोक संध्याकाळी पुन्हा आंघोळ करतात आणि पाच वाजता भेटलेल्या शेजाऱ्याला "आंघोळ झाली का?" असं विचारतात. आपण 'जेवलात का' विचारतो तसं. कुंभोजकर नवीन होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कुंपणावरून, टोपी काढून, अदबीने मिसेस प्रेस्टनना हा प्रश्न विचारला. बाई आत गेल्या आणि महिनाभर गुलाबांना पाणी सकाळी घालत राहिल्या. मग कोणीतरी त्यांना उलगडून सांगितलं असावं. मी राहायला आलो तोवर परिस्थिती इतकी सुधारली होती की पाच वाजता बाई स्वतःच कुंपणाशी येऊन "नॉट येट, मिस्टर कुंबो" असं सांगून जात. आडनाव पूर्ण करायचा त्यांनी कधी प्रयत्न केला नाही.

असं सगळं सुरळीत चालू असताना, गेल्या एप्रिलमध्ये, कुंभोजकरांनी रस्त्यातल्या प्रत्येक दारात एक चिठ्ठी टाकली. रविवारी सकाळी सात वाजता सर्वांनी मिळून रस्ता साफ करायचा आहे. झाडू आपापला आणावा.

मी त्यांना गाठून समजावलं. रस्ता कौन्सिल झाडते आणि त्यासाठी आपण कौन्सिल टॅक्स भरतो. शिवाय रविवारी सकाळी सात वाजता या देशात फक्त कुत्री बाहेर असतात, आणि तीही नाराजीने.

"कचऱ्यासाठी नाही हो ते," कुंभोजकर म्हणाले.

मग कशासाठी, असं विचारल्यावर ते गुडघा चोळत निघून गेले. पण माणूस गंभीर होता. तिकडच्या गल्लीत महिन्यातून एक रविवार असा असतो, सगळी गल्ली गटारं उपसायला उतरते, बायका केळ्याची भजी तळतात, हे ते मला यापूर्वी वीसदा सांगून चुकले होते. आता त्यांना ते हॅरोत घडवायचं होतं, आणि ते घडतं की नाही यावर काहीतरी लटकलेलं आहे हे मलाही दिसत होतं. काय, ते दिसत नव्हतं.

पहिल्या रविवारी ते एकटे होते. मी पडद्याआडून चहा पीत पाहिलं. बाटिक शर्ट, खराटा, साठ घरांचा रस्ता. खरं तर कचरा फारसा नव्हताच. ते थोडं झाडत, थांबत, दारांकडे पाहत, पुन्हा झाडत. आठला घरी गेले. मीनल माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. ती एवढंच म्हणाली, की पडदा नीट लाव, दिसतोयस.

दुसऱ्या रविवारी मी गेलो. गेलो म्हणजे मीनलने हातात झाडू देऊन दार लावून घेतलं. मधल्या काळात कुंभोजकरांनी कौन्सिलकडून कचरा उचलायचे चिमटे आणि पिवळीजर्द जॅकेटं उसनी आणली होती. त्यांनी एकूण वीस जॅकेटं आणली होती. आम्ही दोघांनी दोन घातली आणि अठरा भिंतीवर ठेवली. अर्ध्या तासात माझी कंबर धरली. आम्ही भिंतीवर त्या अठरा जॅकेटांशेजारी बसलो, आणि मी पुन्हा विचारलं.

या वेळी ते बोलले. त्यांची बायको सुशीलाबाई, जकार्त्यातच गेली. भर दुपारी, घरात, एकटी असताना. कुंभोजकर गिरणीत होते. निरोप मिळाल्यापासून घरी पोचायला त्यांना साडेतीन तास लागले. त्या दिवशीही गाड्या तुंबल्याच होत्या. पोचले तेव्हा गल्लीच्या तोंडाशी पिवळं निशाण लागलेलं होतं. तिकडे कोणी गेलं की लावतात. गल्लीवर ताडपत्री होती. खुर्च्या मांडलेल्या. बायका सुशीलाबाईंभोवती बसून होत्या, त्यांनी तिचे केस विंचरले होते. पाक एर्ते स्कूटरची पंक्चरं काढणारा माणूस होता, मुसलमान. हिंदूंमध्ये काय करतात ते त्याला माहीत नव्हतं, म्हणून तो शहराच्या दुसऱ्या टोकाच्या देवळात जाऊन विचारून आला होता. फुलं, नारळ, स्मशानाची वेळ, गाडी, सगळं ठरलेलं होतं.

"मी पोचलो तेव्हा मला करायचं काही राहिलंच नव्हतं," कुंभोजकर म्हणाले. "फक्त रडायचं होतं."

मी शेजारच्या एका जॅकेटाची घडी घातली. वास्तविक अशा वेळी बोलण्यासारखं माझ्याकडे नेहमी काहीतरी असतं.

"इथं नऊ वर्षं झाली," ते पुढे म्हणाले. "मिसेस प्रेस्टनना काही झालं, तर कळणार कोणाला? पार्सलवाल्याला?"

त्यांनी स्वतःचं नाव घेतलं नाही. ते घ्यायची गरजही नव्हती.

पुढच्या पंधरवड्यात मी अशा काही गोष्टी केल्या ज्या मी एरवी इतरांच्या बाबतीत हास्यास्पद ठरवतो. दारोदार गेलो. बावीस नंबरच्या पोलिश प्लास्टरवाल्याला, कोपऱ्यावरच्या नागपूरच्या तरुण जोडप्याला, मिसेस प्रेस्टनना, सगळ्यांना सांगितलं. सुशीलाबाईंचं मी सांगितलं नाही, ते माझं नव्हतं. फक्त म्हणालो, की या म्हाताऱ्याला वाईट वाटेल, तासभर या. मीनलने वेळ सातऐवजी दहाची करून घेतली. कुंभोजकरांनी तत्त्वाचा प्रश्न म्हणून विरोध केला आणि तिने चहा ओतल्यावर मागे घेतला.

तिसऱ्या रविवारी साठ घरांतून अकरा माणसं आली. नागपूरची मुलगी भजी घेऊन आली, केळ्याची नव्हे, कांद्याची. पोलिश प्लास्टरवाल्याने गटाराची जाळी एका हाताने उचलून बाजूला ठेवली, तेव्हा कुंभोजकरांच्या चेहऱ्यावर मी प्रथमच मत्सर पाहिला. मिसेस प्रेस्टन घडीची खुर्ची आणि बिस्किटांचा डबा घेऊन आल्या, फुटपाथच्या मधोमध बसल्या आणि कोणाचं काय राहिलं ते काठीने दाखवू लागल्या. कुंभोजकर वही न उघडता सगळ्यांना सगळ्यांची ओळख करून देत होते. याची आई आजारी असते, हिला ऑक्टोबरमध्ये बाळ होणार, हे गणित शिकवतात पण माणूस बरा आहे.

साडेअकराला काम संपलं. कोणी घरी जाईना. इंग्लंडमध्ये काम संपल्यावर कोणी घरी जात नाही हे मी पब सोडून इतरत्र प्रथमच पाहत होतो. मला वाटलं, आता कुंभोजकर भाषण करणार. अकरा माणसं जमली की आपल्याकडे कोणीतरी करतंच, आणि मी तोंड वाकडं करायच्या तयारीत होतो. पण ते मिसेस प्रेस्टनच्या खुर्चीशेजारी भिंतीवर बसून नुसते पाहत होते.

"तिकडे तुम्हीच सगळ्यांना गोळा करत असाल, मिस्टर कुंबो," बाई म्हणाल्या.

कुंभोजकरांनी खराटा भिंतीला टेकवला. मग त्यांनी सावकाश, मास्तरी इंग्रजीत सांगितलं की नाही, ते एकदाही गेले नव्हते. रविवार हा त्यांचा झोपायचा दिवस. सुशीला जायची. गटार तीच उपसायची, भजी तीच तळायची, फेरीवाल्यांची नावं आणि त्यांची पोरंबाळं तिलाच ठाऊक. ती रात्री जेवताना सांगायची, ते ऐकायचे, कधी कधी नाही ऐकायचे. "दर महिन्याला मला उठवायची. मी म्हणायचो, पुढच्या वेळी. ती गेली त्या दिवशी गल्ली आली ती तिच्यासाठी. मला त्यातलं कोणी ओळखतसुद्धा नव्हतं."

त्यांनी रस्त्याकडे हात केला. भजी खाणारी मुलगी, जाळी पुन्हा बसवणारा प्लास्टरवाला, मीनल.

"तिला ही सगळी नावं आठवड्यात कळली असती," ते म्हणाले. "मला नऊ वर्षं लागली."

मिसेस प्रेस्टननी डब्याचं झाकण काढलं, सर्वांत चांगलं चॉकलेटचं बिस्किट शोधून त्यांच्या हातात ठेवलं आणि त्यांच्यावर ऊन यावं म्हणून खुर्ची थोडी बाजूला सरकवली. कुंभोजकर बिस्किट खात उन्हात बसून राहिले.