उजेडाला धरून बघणारे दाऊदचाचा

जुन्नरला आमच्या शेजारचे दाऊदचाचा कोणतीही गोष्ट उजेडाला धरल्याशिवाय खरी मानत नसत. हातानं कागद बनवणं हा त्यांचा धंदा. प्रत्येक ताव उन्हाला धरायचा, उलटवायचा, पुन्हा धरायचा. पण चाचा भाकरीसुद्धा धरत. मी मॅट्रिक झालो तेव्हा माझं सर्टिफिकेट दोन्ही बाजूंनी बघून म्हणाले, "पास हायेस. पण कागद लई हलका वापरलाय."

पुण्याच्या कॉलेजात गेलेला आमच्या घरातला मी पहिलाच. म्हणून अमीनाचाचींच्या कुशीत कळा यायला लागल्या, तेव्हा चाचांनी इस्पितळात मलाच सोबत नेलं. तिथं शिरेतून औषध टोचून एक्स-रे काढला. औषध मूत्रपिंडात उतरलं, की ते फिल्मवर पांढरं उमटतं. चाचींचं उजवं उमटलं. डावीकडं नुसता काळोख.

"बंद पडलेलं दिसतंय," डॉक्टर म्हणाले. "पण एका फिल्मवर मी कापणार नाही. ही तपासणी कधीकधी फसवते. महिन्यानं पुन्हा काढू."

चाचांनी ती फिल्म मागून आणली आणि खिडकीत ओल्या तावांशेजारी टांगली. ऊन कललं की समोरच्या भिंतीवर चाचींच्या बरगड्या उमटत. वारा आला की त्या श्वास घेतल्यासारख्या हलत. उघड्या खिडकीतून त्या रस्त्यावरूनही दिसत; लोक आमच्या आळीतून जाईनासे झाले.

"या अल्ला, माझी हाडं साऱ्या गावाला दाखवतायत हे!" चाची ओरडत, आणि त्या भिंतीसमोरून जाताना पदर पुढं ओढून घेत.

एका संध्याकाळी गेलो, तर चाचा फिल्ममागं कंदील धरून त्या काळ्या जागेशी बोलत होते. "हायेस ना रं आत? मग दिस की."



"भाऊ, तू शिकलेला," ते माझ्याकडं न वळताच म्हणाले. "तपासणी खोटी असंल ना?"

"असू शकते," मी चाचरत म्हणालो. "खरीही असू शकते."

"तू बी त्या डॉक्टरासारखाच."

महिन्यानं पुन्हा एक्स-रे झाला. कंपाउंडरनं ओली फिल्म डॉक्टरांकडं न्यायला चाचांच्या हातात दिली. व्हरांड्यात लख्ख ऊन होतं. चाचांनी ती उजेडाला धरली नाही. माझ्यापुढं केली.

"तू धर, राव. माझ्यानं न्हाई व्हणार."

मी धरली. काळोखाच्या जागी धुरासारखं फिकट काहीतरी होतं. उलटवली, पुन्हा धरली. होतं!

सांगायला वळलो. चाचा फिल्मकडं बघतच नव्हते. उन्हात उजळलेलं माझं तोंड ते एकटक निरखत होते, ताव निरखावा तसं.