गढीवरची सखुबाई

हार न्यायचा की नाही, यावरून शिरड शहापुरात दगडोबाच्या घरी सकाळपासून वाद चालला होता. मुलगा विजयकुमार एसटीत कंडक्टर. घरातही त्याची रीत तीच : आपण दोनदा घंटी मारली की विषय सुटला, मग कोणी आत बसलं असो की लोंबकळत असो. आईचा पुतळा मांडला आहे, तेव्हा हार हवाच, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

"अवं, ते प्रदर्शन हाय," त्याची बायको शिवकन्या म्हणाली. "तिथं हार घालत्यात का कुणी?"

"पुतळा हाय ना? मंग पुतळ्याला हार न घालता काय तिकीट फाडून येऊ?"

झेंडूचा हार पिशवीत गेला आणि वाद संपला.

पुतळ्याची हकीकत अशी. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला, हळद काढायच्या दिवसांत, निता नावाची एक शिल्पकार मुलगी वसमतजवळच्या एका मळ्यात येऊन राहिली होती. कामावरच्या बायांचे मातीचे नमुने तिने केले आणि पुढे ते सिमेंटात ओतले. सखुबाई त्या मळ्यात मजुरीला जायची. तिने घरी येऊन सांगितलं, "त्या पोरीनं माझा पुतळा केला. आता म्या मेले तरी तुमाला टाळता येत न्हाई." घरातले हसले. श्रावणात साध्या तापाचं निमित्त झालं आणि सखुबाई खरोखरच गेली. आता थंडीत निताचा फोन आला होता : काळगावच्या गढीवर, उघड्या पटांगणात शिल्पांचं प्रदर्शन आहे, सगळ्यांनी जरूर या.

दगडोबाला हाराशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला सखुबाईचं तोंड पाहायचं होतं. घरात तिचा धड फोटो नव्हता. लग्नातल्या फोटोत मुंडावळ्यांच्या आड नाक तेवढं दिसत होतं आणि आधार कार्डावरचा फोटो पाहून तर तिने स्वतःच विचारलं होतं, "ही बया कोण?" त्यात गेल्या काही दिवसांत दगडोबाला एक भलतीच तकलीफ सुरू झाली होती. डोळे मिटले की सखुबाईचा आवाज बराबर ऐकू यायचा, शिव्यांसकट. पण चेहरा येत नसे. सगळा जन्म जिच्या हातचं खाल्लं तिचं तोंड आठवत नाही, हे सांगायचं तरी कोणाला? त्याला स्वतःचीच फार लाज वाटत होती. एकदा पुतळा डोळे भरून पाहिला की हे दुखणं जाईल, या आशेवर तो रिक्षात बसला.

गढीचा दरवाजा मोठा आणि आत नुसतं मोकळं पटांगण. जागोजागी शिल्पं मांडलेली. मधोमध भोक पाडलेला एक थोरला दगड होता. शिवकन्येने विचारलं, "हे काय असंल वो?"

"आधुनिक हाय," विजयकुमार म्हणाला आणि कोणी आणखी काही विचारायच्या आत पुढे सरकला.

लिंबाच्या झाडाखाली 'हळदीच्या बाया' अशी पाटी होती. सिमेंटाची चारपाच मुंडकी, डोक्यावर पदर घेतलेली. नाकडोळे निताने बोटांनी दाबून काढले होते. जवळ गेलं की नुसते खड्डे, लांब झालं की बाई. नावं कोणाचीच नव्हती. विजयकुमारने सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि एकीसमोर जाऊन उभा राहिला.

"ही आई."

"ही तर हसून राहिली," शिवकन्या हळूच म्हणाली. "आत्याबाई कवा हसत व्हत्या?"

"पुतळ्यासाठी हसावं लागतं."

"कपाळ बी मोठं हाय."

"सिमेंट फुगत असतंय वाळल्यावर. तुला काय कळतंय? आबा, तुमी सांगा. आईच हाय ना?"

दगडोबाने पाहिलं. त्याला ती बाई ओळखू येईना. पण त्याला हल्ली सखुबाई डोळे मिटूनही ओळखू येत नव्हती, तेव्हा त्या न ओळखण्याचा भरवसा काय धरायचा? नाही म्हणावं आणि तीच निघावी! पोटच्या पोराने ओळखलं आणि नवऱ्याने नाही, असं व्हायचं.

"व्हय," तो म्हणाला. "तीच हाय."

एकदा तोंडातून गेलं आणि त्याला खरंच ती तीच वाटायला लागली. विजयकुमारने हार घातला. दगडोबाने त्या सिमेंटाच्या गालावर हात ठेवला आणि इतक्या महिन्यांचं साठलेलं रडू एकदम बाहेर आलं. "सखू, मला एकल्याला टाकून कशी गं गेलीस? आता कोणाच्या जिवावर राहू मी?" पाहायला आलेली माणसं भोवती जमली. काही बाया डोळे पुसू लागल्या.

त्या गर्दीत कोमल नावाची एक मुलगी होती. ती नांदेडला शिकायला असायची आणि तिथूनच परस्पर आली होती. तिने तो चेहरा लगेच ओळखला. तो तिच्या गावच्या चांगुणाकाकूंचा होता. गळ्यात हार आणि समोर रडणारा म्हातारा, यावरून जो अर्थ कोणीही काढील तोच तिने काढला. तिने फोटो घेतला आणि रडत रडतच गावच्या ग्रुपवर टाकला : 'आपल्या चांगुणाकाकू आपल्यात राहिल्या नाहीत. भावपूर्ण श्रद्धांजली.'

त्याच सुमारास गढीच्या दरवाजातून चांगुणाबाई आत येत होत्या. नवं पातळ नेसून, नवऱ्याला सोबत घेऊन, स्वतःचा पुतळा पाहायला.

"अवं," त्या जागच्या जागी थबकल्या. "माझ्या गळ्यात हार कोणी घातला?"

नवरा भिवाजी झपाझप पुढे गेला. "ओ पाव्हणं! कोण तुमी? माझ्या बायकोपाशी रडून काहून राहिले?"

"तुमची बायको?" दगडोबाने डोळे पुसले. "ही माझी सखू हाय."

"सखू कशाची! आमची चांगुणा हाय ती."

"ती श्रावणात गेली हो."

"कुठं गेली? आत्ता माझ्यासंगं एसटीनं आली ना!"

विजयकुमार मध्ये पडला. "काका, तुमचा गैरसमज होऊन राहिला. हा आमच्या आईचा पुतळा हाय. आमी सगळ्यांनी ओळखलाय."

चांगुणाबाईंनी वाद घातला नाही. त्या पुतळ्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या, मान तशीच किंचित वाकडी केली आणि तशाच हसल्या. दोन्ही कपाळं सारखीच मोठी होती. "आता सांग बापू. म्या जिती हाय का न्हाई?"

विजयकुमारने घाईघाईने हार काढून घेतला. प्रकरण इथे मिटायला हरकत नव्हती. पण तेवढ्यात भिवाजीचा फोन वाजला. पलीकडे मेव्हणा होता, हुंदके देत.

"भावजी, कसं झालं वो हे?"

"काय कसं झालं?"

"ताईचं..."

"ताई हितं माझ्या बाजूला उभी हाय की!"

"व्हय, व्हय. तसंच वाटतंय भावजी. सुरवातीला तसंच वाटत असतंय. धीर धरा, आमी निघालो."

फोन बंद झाला. दुसरा आला, तिसरा आला. शेवटी चांगुणाबाईंनीच फोन हिसकावून घेतला. "ए, रडू नगा! म्या बोलून राहिले, चांगुणा!" पलीकडून किंकाळी ऐकू आली आणि फोन पडल्याचा आवाज झाला.

कोमलने मेसेज पुसला. पण गावात तो वाचून रडूनही झालं होतं. थोड्या वेळाने गढीच्या पायथ्याशी टेम्पो थांबला आणि त्यातून माणसं रडतच वर चढली. सगळ्यांत पुढे चांगुणाबाईंची भावजय राणी, ऊर बडवत. "वन्सं, मला न भेटता कशा वो गेल्या!" म्हणत ती सरळ चांगुणाबाईंच्याच गळ्यात पडली, आणि आपण कोणाच्या गळ्यात पडलो हे ध्यानात येताच मटकन खाली बसली.

"राणे," चांगुणाबाई तिला उठवत म्हणाल्या, "तू माझ्यासाठी इतकी रडशील असं वाटलं न्हवतं गं."

"भाड्यानं टेम्पो केला वन्सं. मंग रडायला नको का?"

हसू फुटलं ते आवरेना. टेम्पोवालाही हसला. मग पाणी आलं, चहा आला, कोण जास्त रडलं आणि कोणाच्या डोळ्याला टिपूसही नव्हतं याचा हिशेब चांगुणाबाईंनी जागेवरच घेतला. आपल्या मरणाला माणसं कशी येतात हे पाहायला किती जणांना मिळतं!

दगडोबा मात्र बुरुजाच्या पायरीवर एकटा बसला होता. गर्दी त्याच्याकडे वळली तेव्हा त्याने हात जोडले. "बाई, माफ करा मला. जित्या माणसाला हार घातला आमी. पोराचं चुकलं न्हाई, माझं चुकलं. मला तिचं तोंडच आठवंना झालंय."

हे ऐकून कोणी हसलं नाही. भिवाजी दगडोबाच्या शेजारी जाऊन बसला. मघाचा राग कुठल्या कुठे गेला होता.

"दादा, खरं सांगू? दरवाजातून तो हार दिसला, तवा माझ्या पायातलं बळच गेलं. चांगुणा माझ्या बाजूला उभी व्हती, तरी गेलं."

चांगुणाबाईंनी विचारलं, "शिरडच्या सखुबाईचे मालक का तुमी? मंग हितं काय शोधून राहिले? आमी दोघी एकाच वावरात व्हतो. मघाच पाहून आले म्या, ती तिकडं हाय, बुरुजाच्या मागं."

बुरुजामागे भिंतीला तोंड करून एक सिमेंटाची बाई उकिडवी बसली होती. मान खाली, पदर डोक्यावरून ओढलेला, पुढ्यात हळदीचा ढीग. दिसत होती ती नुसती पाठ. निता धावत आली, तिला मघापासूनचा गोंधळ आताच कळला होता. "मी खूप म्हटलं, मावशी, इकडे तोंड करा. त्या म्हणाल्या, तू तुझं काम कर, म्या माझं करते. ऊन चढून राहिलं. म्हणून मग मी मागूनच केलं."

"आत्याबाई!" शिवकन्या म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून खुरपताना सासूची पाठ कायम तिच्या पुढ्यात असायची. डावा खांदा जरासा पडलेला, तो इथेही तसाच पडला होता. विजयकुमारने या खेपेला 'ही आई' असं म्हटलं नाही. याच पाठीवर बसून तो लहानपणी वावरात गेला होता. त्याने तिच्यावर डोकं टेकलं आणि लहान लेकरासारखा रडला. चांगुणाबाईंनीही पदर डोळ्यांना लावला. सगळ्यांनी ओळखलं.

दगडोबाने ओळखलं नाही.

तो वळसा घालून पुतळा आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून पुढे गेला. पुढून नुसतं ओबडधोबड सिमेंट होतं. तो परत मागे आला. "हीच का?" त्याने सुनेला हळूच विचारलं, आणि तिने मान डोलावली.

कसा ओळखणार? बाजार असो, लग्न असो, दवाखाना असो, दगडोबा पुढे आणि सखुबाई गाठोडं घेऊन मागे, हीच रीत. बाई पुढे चालली तर लोक काय म्हणतील? बोलायचं झालं तर तो पुढे पाहत बोलायचा आणि उत्तर मागून यायचं. चालताना ती कशी दिसते, हे गावातल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं, एकट्या नवऱ्याला नव्हतं. शेवटच्या दिवशीसुद्धा त्याने तिरडीला खांदा दिला तो पुढून.

खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवू लागला. शिरडपर्यंत सोडतो म्हणाला होता. चांगुणाबाई सगळ्यांना घेऊन उतरू लागल्या. विजयकुमारने बापाला हाक मारली, पण शिवकन्येने त्याचा हात धरला आणि ती दोघंही हळूहळू खाली गेली.

दगडोबा सखुबाईच्या मागे उभा राहिला. मग दोन पावलं आणखी मागे सरला, तिला वाट मोकळी व्हावी एवढा.

"ऊठ, सखू," तो म्हणाला. "आज तू पुढं चाल. म्या येतो मागून."

तो बराच वेळ तसाच थांबला. सखुबाई काही उठली नाही. तिच्या पुढ्यातली हळद अजून बरीच राहिली होती.