दीड फेरा मागे, दीड फेरा पुढे

सुधारलेल्या समाजात धुराचे दोन प्रकार असतात : तपासणीतला आणि चढावरचा. तपासणीतला धूर कागदावर असतो, डोळ्यांना दिसत नाही. चढावरच्याचं बरोबर उलटं. या दोघांची कधी गाठ पडू न देणं यालाच प्रशासन म्हणतात, आणि गावात हे प्रशासन बावीस वर्षं दीडफेरे एकटे, एका स्क्रूड्रायव्हरवर चालवत होते. चढाच्या पायथ्याशी त्यांचं ट्रकांचे डिझेल पंप दुरुस्त करायचं गॅरेज होतं.

दीडफेरे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. (खरं आडनाव विजेच्या बिलावर आहे, ते कुणी वाचत नाही.) ट्रकच्या पंपावर एक स्क्रू असतो. तो आत घेतला की इंजिनाला जास्त डिझेल मिळतं, गाडी भरलेला माल घेऊन तडफेनं चढ चढते, आणि न जळलेलं डिझेल काजळी होऊन मागून बाहेर पडतं. तो बाहेर काढला की धूर गायब, आणि गाडीतला जीवही गायब. म्हणून तपासणीआधी दीड फेरा मागे, प्रमाणपत्र हातात पडलं की दीड फेरा पुढे. वर शिशाचं सील. सील तोडायचं नाही असा नियम आहे, आणि दीडफेरे नियमाला फार मान देणारे. ते सील तोडत नसत, हलक्या हातानं काढून ठेवत आणि पुन्हा लावत.

तिसरा मार्ग नव्हता असं नाही. पंप उतरवायचा, बेंचवर चढवायचा, एकेका नोझलचा फवारा तपासायचा, टायमिंग जुळवायचं, हवेचा फिल्टर बदलायचा. मग गाडी ओढतेही आणि धूरही ओकत नाही. फक्त दोन दिवस उभी ठेवावी लागते. या मार्गाची आकडेवारी अशी : बावीस वर्षांत आलेले ट्रक चार हजार सहाशे. चौकशी करणारे नऊ. 'दोन दिवस' ऐकून हसत निघून गेलेले आठ. नववा पत्ता विचारायला आला होता.

तपासणी केंद्रात सायलेन्सरमध्ये नळी घालत, ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबी आणि यंत्र आकडा दाखवी. "अर्धंच दाब रे, आकडा कमी येतो," हा दीडफेऱ्यांचा प्रत्येक ड्रायव्हरला शेवटचा सल्ला. आकडा कमी आला की तपासनीस खूश, मालक खूश, शासन खूश. असं एकमत हल्ली घरातसुद्धा होत नाही.

दीडफेऱ्यांचं घर मात्र चढाच्या माथ्यावर, वळणावर. गाड्या तिथंच पहिला गिअर टाकत. त्यांच्या बायकोला सगळे ड्रायव्हर वहिनी म्हणत. वहिनींनी चार वर्षं रस्त्याकडची खिडकी उघडली नव्हती. त्यांना खोकला होता, पण तो इतका जुना, की घड्याळाच्या टिकटिकीसारखा कुणाला ऐकूच येत नसे. मग एके दिवशी पाण्याची बादली घेऊन जिना चढताना त्या मधल्याच पायरीवर बसल्या आणि उठेनात.  दीडफेऱ्यांनी तिला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी एक नळी काढली. "यात जोरात फुंका. यंत्र आकडा दाखवील."

नळी, यंत्र, आकडा! दीडफेऱ्यांना एकदम हायसं वाटलं. हे तर आपलंच खातं. ते बायकोच्या कानाशी लागले, "अगं, अर्धंच फुंक. आकडा कमी येतो."

वहिनींनी अर्धंच फुंकलं. आकडा आला चाळीस.

"चाळीस!" दीडफेऱ्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे मर्यादेच्या आत ना, साहेब?"

डॉक्टरांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. "अहो, शंभरच्या आसपास यायला हवा. बाई, सगळा जोर लावा बघू."

वहिनींनी सगळा जोर लावला. डोळ्यांत पाणी आलं, कपाळावरची शीर तटतटली. आकडा आला त्रेचाळीस.

 दीडफेऱ्यांनी, बावीस वर्षांच्या सवयीनं, आवाज खाली घेऊन विचारलं, "साहेब, थोडं वर घेता येईल का?"

"काय? आकडा की फुप्फुस?" डॉक्टर म्हणाले.

या दोन निरनिराळ्या गोष्टी असतात, हे दीडफेऱ्यांना त्या दिवशी कळलं. परतताना ते पायांकडे बघत चालत होते.

"त्या खिडकीच्या काजळलेल्या काचेआडून बघतेच ना मी," वहिनी म्हणाल्या. "प्रत्येक गाडी तुमच्या हातची. धुरावरून ओळखते."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलायला गेलं की खोकला येतो. बोलू कधी?"

दुसऱ्या दिवशी गॅरेजवर पाटी लागली : 'स्क्रू एकदाच फिरेल, मागे. ओढ हवी असेल तर गाडी दोन दिवस ठेवा.' गावात पंपाला हात लावणारा दुसरा माणूस नव्हता. चढावरचे सगळे एकतीस ट्रक त्या आठवड्यात तपासणीच्याच सेटिंगवर बाहेर पडले. (दोन दिवस ठेवलेले : शून्य.) नऊ मिनिटांचा चढ चाळीस मिनिटांचा झाला. मागं मोटारींची रांग लागली, हॉर्न वाजू लागले. माथ्यावर वहिनींनी खिडकी उघडली आणि म्हणाल्या, "अगंबाई, समोरची टेकडी अजून आहे होय!" त्या आठवड्यात त्या उशांचा ढीग न लावता, आडव्या होऊन झोपल्या. दीडफेरे शेजारी पडून नुसते तिचा श्वास ऐकत राहिले, आणि एवढा मोठा माणूस, पण त्यांना रडू आलं.

आठव्या दिवशी माथ्यावरच्या वस्तीचा 'स्वच्छ हवा रहिवासी मंच' गॅरेजवर आला. याच मंचानं धुराविरुद्ध तीन निवेदनं दिली होती. सवयीनं सगळ्यांच्या नाकाला रुमाल होते. हवा स्वच्छ आहे हे लक्षात आल्यावर त्यांनी ते खिशात ठेवले आणि तक्रार सांगितली. दूध दहाला येतं. वर्तमानपत्र दुपारी. पार्सलांचा तर पत्ताच नाही.

"धूर नकोच," अध्यक्षबाई म्हणाल्या, "पण माल सकाळी सहाला हवा. यात अशक्य काय आहे, सांगा बरं?"

दीडफेरे आनंदानं उभेच राहिले. "काहीच अशक्य नाही, बाई! एकेक गाडी मला दोन दिवस द्या. त्या गाडीवरचा तुमचा माल दोन दिवस थांबेल, तोही वर्षातून एकदा. मग धूरही नाही आणि उशीरही नाही."

"दोन दिवस?" अध्यक्षबाईंनी कुणी गेल्याची बातमी ऐकावी तशा आवाजात विचारलं. मागून कुणीतरी म्हणालं, "माझं पार्सल आज यायचंय हो." दुसरा म्हणाला, "सुरुवात दुसऱ्या वस्तीच्या गाड्यांपासून करा की."

मंचानं तिथल्या तिथं तीन ठराव केले. एक : मंच धुराच्या ठाम विरोधात आहे. दोन : स्क्रू तत्काळ पूर्ववत करावेत. तीन : वहिनींच्या प्रकृतीला लवकर आराम पडो. तिन्ही ठराव एकमतानं मंजूर. सायंकाळी तपासणी केंद्राची नोटीसही आली : रहदारीला अडथळा, गॅरेज बंद का करू नये, याचा खुलासा करावा.

नोटीस हातात घेऊन दीडफेरे घरी गेले. वहिनींनी ती वाचली आणि घडी घालून त्यांच्या खिशात परत ठेवली.

"गॅरेज बंद झालं तर माझं औषध कुठून आणाल?" त्या म्हणाल्या. "जा, फिरवा. मी खिडकी लावून घेते."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकतीस स्क्रू दीड फेरा पुढे गेले. आता गावात सगळं सुरळीत आहे. गाड्यांची प्रमाणपत्रं चोख आहेत, दूध सहाला येतं. वहिनींचा आकडा एकोणचाळीस आहे.

मंचाच्या ठरावाखाली दोनशे बारा सह्या आहेत आणि दोनशे तेरावी ओळ कोरी आहे. वाचकहो, हे पुस्तक ट्रकनं चढ चढून तुमच्या हातात ठरल्या दिवशी पडलं असेल, तर त्या ओळीची काळजी करू नका. तुमची सही झालेली आहे.