रेसिपी म्हणजे 'घे'!

"केक ना? मी करतो! उभी हयात मी रेसिपीच तर वाचत आलोय!" केमिस्टसाहेब छाती फुगवून म्हणाले.

बायकोचा उजवा हात प्लास्टरमध्ये, आणि संध्याकाळी तिच्या निवृत्तीच्या चहाला अख्खं ऑफिस घरी येणार! तिच्या केकवर ऑफिस जीव टाकायचं. निरोपाच्या दिवशीच तो बिघडला तर एवढ्या वर्षांच्या नावावर पाणी पडणार, या विचाराने तिला रडू येत होतं.

"अहो, तुम्ही चिठ्ठ्या वाचता. औषधांच्या!"

"एकच गं! डॉक्टरच्या चिठ्ठीवर ते पायमोडकं 'आर' असतं ना, तीच रेसिपी! लॅटिनमध्ये 'रेकिपेरे' म्हणजे घेणं. त्यावरून हुकूम सोडायचा, 'रेसिपी', म्हणजे 'घे!' अमुक घे, तमुक घे, घोट. शब्द मुळात आम्हा औषधवाल्यांचा. स्वयंपाकघराने तो मागाहून उचलला! तू नुसती बसून राहा."

त्यांनी मैदा दुकानातल्या नाजूक तराजूवर तोलला. साखर खलात घोटली. इथवर झकास! मग बेकिंग पावडरचा डबा रिकामा निघाला. दुसरा कोणी बाजारात पळाला असता. पण साहेबांनी गिऱ्हाइकाला कधी 'नाही' म्हटलं नव्हतं. एक गोळी संपली की 'तोच घटक, दुसरी कंपनी' म्हणत दुसरी पुढे करायची, हा त्यांचा खाक्या. पोटातल्या गॅसवरचं फसफसणारं चूर्ण बेधडक आत गेलं. व्हॅनिलाही नव्हता. मुलांच्या टॉनिकला काय कमी वास असतो?

केक असा टम्म फुगला की साहेब शीळ घालू लागले!

संध्याकाळी मंडळींनी पहिला घास घेतला आणि सगळे गुणी पेशंटसारखे वागू लागले. डोळे मिटले, गिळलं, वरून घोटभर पाणी प्यायले. बायकोचा चेहरा उतरला. ते पाहून साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी ऑफिसच्या थोरल्या मॅडमनी फार अदबीने विचारलं, "हे जेवणाआधी घ्यायचं, की नंतर?"

जो हशा उसळला! सगळ्यात मोठ्याने बायकोच हसली, पार डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"आता कळली ना माझ्या केकची किंमत?" ती मंडळींना म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "अहो, लॅटिनमध्ये 'घेऊ नका' कसं म्हणतात हो?"

साहेबांना ते येत होतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी आपलं लॅटिन गिळलं, आणि वरून घोटभर पाणी प्यायले.