भय्यासाहेबांचं प्रमाणित वाचन

मोफत मोतीबिंदू शस्त्रक्रियेसाठी अर्ज करणाऱ्या प्रत्येक रुग्णाने योजनेची नियमावली मोबाइलवर स्वतः, संपूर्ण व समजून वाचली पाहिजे, असा निर्णय उज्जैनच्या दृष्टिकल्याण कक्षाने घेतला. रुग्णांना दिसत नाही, ही बाब बैठकीत कोणी काढली नाही, कारण ती विषयपत्रिकेवर नव्हती.

माधव नगरातल्या रुचिरने त्यासाठी कोड लिहिला. बोटाने पान सरकवलं की कोडला खबर लागे आणि पान तळाला टेकलं की ‘मला मान्य आहे’ हे बटण जागं होई. लोकांनी अंगठ्याच्या एका फटक्यात तळ गाठला. कक्षप्रमुख निहारिका मॅडम संतापल्या. मग वेगमर्यादा आली: भरभर सरकवणारा पुन्हा पहिल्या ओळीवर. लोक गप्पा मारत हळूहळू सरकवू लागले, तेव्हा सुधारित आदेश निघाला. खरा वाचक मध्ये थबकतो, मागे वळून पाहतो; सबब जो थबकणार नाही व थोडा वर जाणार नाही, त्याचे वाचन अग्राह्य धरावे. रुचिरने तेही बसवलं. पोरगा हुशार, फक्त नाही म्हणायची सवय नव्हती.

रेल्वेतून निवृत्त झालेले भय्यासाहेब त्याचे शेजारी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नात ईरा मांडीवर खेळे, पण तिचा चेहरा त्यांनी अजून धड पाहिला नव्हता आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटे. पत्नी नंदाताईंनी मोबाइल हाती घेतला, पण दर वेळी दूध वर येई, त्या घाई करत आणि पान पहिल्या ओळीवर जाई.

“अरे रुचिर, ये क्या झमेला है रे? मला दिसत असतं तर ऑपरेशन कशाला मागितलं असतं?”

“काका, ऊपर से ऑर्डर आहे. मी तर सिर्फ कोड लिहितो.”

“अहो, एवढी टेन्शन कशाला?” नंदाताई म्हणाल्या. “आपण पाठ कधी स्वतः केला? पंडितजींकडूनच करवतो ना?”

बिनतोड मुद्दा होता. उज्जैनात यजमान डुलकी घेत असला तरी पाठाचं पुण्य त्यालाच मिळतं. घाटावरचे पंडितजी आले. भय्यासाहेबांच्या हातावर पाणी घालून, नाव, गोत्र आणि मोबाइल नंबर उच्चारून त्यांनी संकल्प सोडवला आणि अंगठ्याने नियमावलीचं पारायण सुरू केलं. लय संथ. प्रकरण संपलं की थांबत, ओळ सुटली वाटली की वर जात. कोड प्रसन्न झाला, बटण जागं झालं आणि भय्यासाहेबांनी गहिवरून त्यावर बोट टेकवलं.

लगेच संदेश आला: ‘अभिनंदन! आपण संपूर्ण नियमावली निर्दोष वाचली आहे. सबब आपली दृष्टी उत्तम असून शस्त्रक्रियेचा अर्ज फेटाळण्यात येत आहे.’

रुचिर त्यांना हात धरून कक्षात घेऊन गेला.

“यात गलत काय आहे?” निहारिका मॅडम म्हणाल्या. “ज्याला नियमावली वाचता येते, त्याला शस्त्रक्रिया नाही. शेवटचा नियम आहे. तुम्ही वाचून मान्य केलाय.”

“मी नाही हो, पंडितजींनी वाचलाय!”

“म्हणजे खोटी घोषणा? मग कारवाई करावी लागेल.”

रुचिरने हळूच विचारलं, “मॅडम, हा नियम तुम्ही वाचला होता?”

“मी सही केली होती,” मॅडम म्हणाल्या.

घरी येऊन भय्यासाहेब ईराचं नाक, गाल बोटांनी चाचपत बसले. तुम्हाला त्यांची कीव येत असेल. जरूर यावी. फक्त परवा मोबाइलवर ‘वाचले, समजले, मान्य आहे’ यावर बोट ठेवून तुम्ही काय काय देऊन टाकलंत, तेवढं आठवून सांगा.