गायकवाडकाकांचं दुपारचं जेवण

गायकवाडकाका भाकरीला पट्टी लावल्याशिवाय घास तोडत नाहीत. ठाण्याला वागळे इस्टेटच्या कारखान्यात जन्मभर फिटर होते ना! ताटाशेजारी स्टीलची पट्टी ठेवायची, मोबाइलवर फोटो काढायचा, मग एका बोटाने टाइप करायचं: 'भाकरी साडेसात इंच, जाडी एक सूत.' कोणी हसलं की ठरलेलं उत्तर, "माप म्हणजे माप."

हे सगळं आरोग्याच्या सर्व्हेसाठी. शहाडला आमच्या चाळीत प्राजक्ता नावाची पोरगी आली आणि आम्हा काही जणांच्या मोबाइलमध्ये जेवणाची डायरी टाकून गेली. जे खाल ते त्यात भरायचं. मीही भरते, आणि सांगते, माझ्यासारखी डायरी कोणाची नाही. अळूवडी केली तर वर खोबरं-कोथिंबीर पेरून फोटो. एक दिवस चुकवलेला नाही.

पण प्राजक्ताचा फोन कोणाला? काकांना! रोज दुपारी दोनला. भिंतीपलीकडून सगळं ऐकू येतं. काका हसतायत, तिच्या परीक्षेची चौकशी करतायत, आणि मी इकडे अळूवडी चावत जळतेय. कारण काय, तर सकाळ-संध्याकाळ इंचाइंचाने भरणारा हा माणूस नेमकं दुपारचं विसरायचा. मग ती आठवण करायला फोन करायची. म्हणजे नीट भरणारीला कोणी विचारत नाही आणि विसरभोळ्याचे लाड!

शेवटी प्राजक्ता आली तेव्हा मी साळसूदपणे सुचवलं, कशाला रोज फोन करत बसतेस गं, त्यांच्या मोबाइलला दोनची घंटी लावून टाक. तिने लावली. फोन बंद झाले. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं, खोटं कशाला बोलू?

आठवड्याने काका नळावर भेटले. मी मुद्दाम विचारलं, आता विसरत नाही ना?

"विसरत नव्हतोच वहिनी," ते म्हणाले. "भरलं असतं तर तिने फोन केला नसता. आमची ही गेल्यापासून 'जेवलात का' म्हणून विचारणारी तेवढी एकच होती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घंटी माझ्यामुळे लागली हे सांगायचा धीर मला अजून झालेला नाही.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता त्यांच्या दारात जाऊन विचारलं, काका, जेवलात का?

"नाही अजून," ते म्हणाले. हातातलं ताट नुकतंच घासलेलं, पाणी निथळत होतं.

मी दोन पोळ्या खाऊन आले होते. म्हटलं, मीही नाही, चला आमच्याकडे.