घशाला कोरड

एका जंगलात, बाळांनो, एकच तळं होतं आणि त्यावर सिंहाचा पहारा होता. आधी सिंहाचे नातेवाईक पाणी पीत, मग नातेवाइकांचे नातेवाईक. उरलेल्यांनी दव चाटावं, असा रिवाज होता.

तिथल्याच उकिरड्यावर डोमा नावाचा कावळा रॅप करायचा. डबऱ्या बेडूक गळा फुगवून ठेका द्यायचा. त्यांचं गाणं असं होतं:

तळं आमचं, पहारा तुझा,
आमच्या घशाला कोरड, राजा!

ससे, साळिंदरं, हरणं ऐकायला जमायची. नाचून नाचून त्यांना आणखीच तहान लागायची.

एक दिवस जलसे भरवणारा मोर आला. आवाज झकास आहे, म्हणाला, फक्त शब्द जरा खुपतात. डोमा आधी तडकला. मग मोराने त्याला सगळ्या रानाला दिसेल अशी उंच फांदी दाखवली. डोमाने शब्द बदलले:

तळं साजिरं, पहारा गोजिरा,
तहान लागली तर नाचा जरा!

गाणं रानभर गाजलं. माकडांच्या लग्नात वाजलं, अस्वलांच्या बारशात वाजलं. डोमाने पिसं सोनेरी रंगवून घेतली. उकिरड्यावर मात्र त्याला कोणी विचारेना. म्हातारी साळूमावशी, जातीची साळिंदर, तेवढी बोलली, "चांगलं गातोस रे. पण आता ते तुझं वाटत नाही."

डोमाला हे फार लागलं. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

सिंहाच्या वाढदिवसाला डोमा-डबऱ्याचा जलसा ठरला. आज जुनंच गायचं, असं डोमाने डबऱ्याच्या कानात सांगितलं. डबऱ्याचा ठेका भीतीनेच दुप्पट वेगात सुरू झाला. डोमाने डोळे मिटले आणि सिंहाच्या तोंडावर सगळं गाऊन टाकलं.

दरबाराने सिंहाकडे पाहिलं. मग सिंहाचा पंजा हलू लागला. शेपटी हलू लागली. छावे उठून नाचायला लागले. घशाला कोरड, घशाला कोरड, असं सगळा दरबार पाणी पिता पिता गाऊ लागला.

"इतकं कडक गाणं लपवून का ठेवलंस?" सिंह म्हणाला. "उद्यापासून तळ्यावर हेच वाजेल."

दुसऱ्या दिवशी डोमा तळ्यावर गेला. पहाऱ्यावरचा लांडगा तेच गाणं गुणगुणत साळूमावशीला मागे ढकलत होता. डोमाला पाहताच त्याने अदबीने वाट करून दिली.

"या, कलावंत."

डोमाला मावशीकडे बघवेना. त्याने मान खाली घातली. खाली पाणी होतं. तो प्यायला.

तात्पर्य : खरं बोलायला कधीही भिऊ नये, बाळांनो. ठेका चांगला धरला की ते कोणालाच ऐकू जात नाही.